दोष कोठे आहे?

जुन्या ट्रॅक्टरविषयी या पानांवर लिहावे हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु नीतीचे प्रश्न केवळ ग्रंथांत आणि प्रवचनपीठावरच उद्भवतात असे नाही. ते शेताच्या बांधावर, तेलकट हातांच्या माणसांमध्येही उद्भवतात, आणि तेथे त्यांची उत्तरे फार काळ पुढे ढकलता येत नाहीत. कारण जमिनीचा वापसा कोणाची वाट पाहत नाही. ऐन पेरणीच्या सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही, किंवा सुरू होतो आणि दोन तास चालल्यावर गचके खात बंद पडतो. अशा वेळी 'बिघाड कोठे आहे?' असे विचारणारे थोडे. 'हे कोणी केले?' असे विचारणारे पुष्कळ. वरवर पाहता दोन्ही प्रश्न दोषाचाच शोध घेतात. तथापि त्यांच्यातील अंतर मोठे आहे, आणि ते समजून घ्यायचे तर आधी यंत्र थोडे समजून घ्यावे लागेल.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याने जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १८९३ मध्ये ज्या इंजिनाची पहिली चाचणी घेतली आणि १८९७ मध्ये जे यशस्वी करून दाखवले, त्याचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते: हवा पुरेशी दाबली की ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले तेल आपोआप पेटते. आपल्या गावातल्या तीन सिलिंडरच्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये ही हवा साधारणपणे मूळ जागेच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्यात कोंबली जाते. म्हणजे हवा, दाब आणि वेळेवर फवारलेले तेल एवढ्या तीनच गोष्टी. यांपैकी एक चुकली की इंजिन बोलत नाही, दुसरी अर्धवट चुकली की ते अडखळत बोलते.

जाणता मिस्त्री आल्या आल्या पान्याला हात घालीत नाही, हे आपण पाहिले असेल. तो प्रथम दिवे लावून सेल्फ मारायला सांगतो. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी, तिच्या टर्मिनलवर चढलेला हिरवट-पांढरा थर आणि बॅटरीपासून ट्रॅक्टरच्या अंगाला जाणारी अर्थिंगची वायर यांच्याकडे तो वळतो. त्या वायरीच्या बोल्टखाली गंज असेल तर सेल्फ रेंगाळत फिरतो. सेल्फ रेंगाळला की हवा हवी तेवढी तापत नाही. हवा तापली नाही की तेल पेटत नाही. एका गंजलेल्या बोल्टपायी निर्दोष डिझेल पंप खोलले गेल्याची उदाहरणे गावोगाव सापडतील. त्यानंतर तो सायलेन्सरकडे पाहतो. सेल्फ फिरत असता धूर मुळीच नसेल तर तेल पोचतच नाही. पांढरा धूर असेल तर तेल पोचते, पण पेटत नाही. चालू इंजिन काळा धूर ओकत असेल तर तेल जास्त होते आहे किंवा हवा कमी पडते आहे. आणि जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरची तेलाची वाटी काढून पाहावी तर तिच्यात पुष्कळदा तेलापेक्षा चिखलच अधिक असतो. निळसर धूर हे मात्र वाईट लक्षण. तेथे इंजिनाचे वंगण जळत असते, आणि बरेचदा इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसते.

या सर्वांत बोधप्रद प्रकार म्हणजे तेलाच्या नळीत हवा शिरणे. 'एअर धरली' असे मेकॅनिक म्हणतात. डिझेल पंपापासून नोझलपर्यंत तेल प्रचंड दाबाने जाते. तेथे कोठे फट असेल तर तेल बाहेर उडते आणि दोष डोळ्यांना दिसतो. (ती धार कातडी भेदून आत शिरू शकते, ती हाताने चाचपू नये.) पण टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत तेल ढकलले जात नाही, ओढले जाते. तेथे एखादे वॉशर झिजलेले असेल किंवा नळीला केसाएवढी चीर असेल, तर इंजिन चालू असताना तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. बाहेरून सर्व कोरडे, स्वच्छ, सज्जन. हातपंप मारून फिल्टरवरील स्क्रू सैल करावा, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी, स्क्रू आवळावा, मग पंपाची आणि नोझलच्या नळ्यांची हवा काढावी; ट्रॅक्टर सुरू होतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रड. हवा काढणे हा उपचार झाला, निदान नव्हे. ज्या वाचकांस प्रायश्चित्त साक्रामेंतात दर महिन्याला तेच पाप त्याच शब्दांत सांगण्याचा अनुभव आहे, त्यांना या ठिकाणी अधिक सांगणे नलगे.

इंजिन चालते पण 'मिसिंग' करते, तेव्हाची एक परीक्षा मला फार आवडते. मंद गतीने चालू असलेल्या इंजिनाच्या एकेका नोझलच्या नळीचा नट क्रमाने थोडा सैल करायचा, म्हणजे त्या सिलिंडरचे तेल क्षणभर तुटते. आवाज पडला, इंजिन थरथरले, तर तो सिलिंडर आपले काम करीत होता. आवाजात काहीच फरक पडला नाही तर दोष त्याच सिलिंडरच्या ठिकाणी. सर्वाधिक आवाज कोणाचा, सर्वाधिक तेलकट कोण, यावरून येथे निवाडा होत नाही. प्रत्येकाला बाजूला ठेवून पाहिल्यावर काय उरते, यावरून होतो. आपल्या मंडळांच्या आणि समित्यांच्या बाबतीत ही परीक्षा कोणी घेत नाही, हे कित्येकांचे भाग्यच म्हणावयाचे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात न्यायसद्गुणाची चर्चा करताना संशयाचा विचार केला आहे. तेथे त्यांनी वस्तूंविषयीचा निवाडा आणि माणसांविषयीचा निवाडा यांत भेद केला आहे. वस्तूविषयी आपण काहीही ठरवले तरी त्या वस्तूचे बरेवाईट होत नाही. तेथे प्रश्न फक्त आपली बुद्धी सत्याला धरून आहे की नाही एवढाच. म्हणून वस्तूचा निवाडा जसे आहे तसाच करावा. माणसाविषयी मात्र आपण जे ठरवतो त्याने त्याचा मान राहतो किंवा जातो. म्हणून स्पष्ट पुरावा नसेल तेथे त्याच्या कृतीचा चांगला अर्थ घ्यावा. असे केल्यास आपण फसू, हा आक्षेप त्यांना ठाऊक होता. त्यांचे उत्तर असे की, वाईट माणसाला चांगले समजून वारंवार फसणे हे चांगल्या माणसाला क्वचित वाईट समजण्यापेक्षा बरे. कारण दुसऱ्या प्रकारात कोणावर तरी अन्याय होतो, पहिल्यात होत नाही.

ट्रॅक्टरची गोष्ट येथे अडचणीची ठरते, ती यामुळे की शेतावर यंत्र आणि माणूस वेगळे नसतात. यंत्राविषयीचा चुकीचा निष्कर्ष माणसावर येऊन आदळतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती वस्तीत घडलेली हकीकत सांगतो. एका बागायतदाराचा जुना ट्रॅक्टर नांगराला जुंपला की दीड-दोन तासांत दम टाकून बंद पडे, आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होई. ड्रायव्हर नऊ वर्षांचा जुना, त्याच चर्चमध्ये येणारा. मालकाचा तर्क सरळ होता: हा डिझेल विकतो आणि टाकीत रॉकेल ओततो. हा तर्क त्यांनी चावडीवर चारचौघांत बोलून दाखवला आणि ड्रायव्हरला काढून टाकले. त्यानंतर डिझेल पंप कॅलिब्रेशनला गेला, नोझल बदलले, मोठे बिल झाले. नव्या ड्रायव्हरच्या हाती ट्रॅक्टर तसाच बंद पडू लागला.

अखेर एका वृद्ध फिटरने ट्रॅक्टर बंद पडताक्षणी टाकीचे झाकण उघडले. सुस्स आवाज करीत हवा आत गेली आणि ट्रॅक्टर पहिल्या सेल्फला सुरू झाला. झाकणाला हवा घेण्यासाठी एक बारीक छिद्र असते. ते धूळ आणि डिझेल यांच्या लगद्याने बुजले होते. तेल कमी होत जाई, त्याच्या जागी हवा येत नसे, टाकीत पोकळी वाढे, आणि पंपाला तेल ओढवेनासे होई. थोडा वेळ थांबले की झाकणाच्या कडेने हवा झिरपून पोकळी भरे, म्हणून ट्रॅक्टर पुन्हा चाले. छिद्र कोणी बुजवले? कोणीच नाही.

येथे मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. डिझेल चोरीला जाते हे खोटे नाही, आणि ज्याने कर्ज काढून यंत्र घेतले त्याने डोळे मिटून विश्वास ठेवावा असे सांगणे हा परोपदेश होईल. परंतु संत थॉमस तसे सांगतही नाहीत. उपाय योजताना वाईटात वाईट शक्यता गृहीत धरण्यास त्यांची मोकळीक आहे. ती शक्यता निर्णय म्हणून मनात पक्की करण्यास नाही. टाकीला कुलूप लावावे, दर पाळीला किती लिटर भरले आणि किती एकर नांगरले हे वहीत लिहावे. याने कोणाचाही अपमान होत नाही; उलट प्रामाणिक ड्रायव्हरच्या हाती पुरावा येतो. चांगला मिस्त्री जी गोष्ट फुकट तपासता येते आणि पुन्हा पूर्ववत करता येते तिच्यापासून आरंभ करतो; सील तोडून पंप खोलणे ही त्याची शेवटची पायरी असते. चावडीवर माणसाला चोर म्हणणे हे सील तोडण्यापेक्षा गंभीर आहे, आणि ते पहिल्या दिवशी केले गेले.

याच्या उलट टोकालाही एक चूक आहे, आणि आपल्या कुटुंबांत ती अधिक आढळते. सेल्फ उचलत नाही म्हणून कित्येकजण ट्रॅक्टर रात्री उतारावर उभा करतात आणि सकाळी ढकलून गिअरमध्ये सुरू करतात. वर्ष वर्ष असे चालते. घरातील कर्ता पुरुष दारूच्या आहारी गेला की सारे घर असेच उतारावर उभे राहते: आई पैसे लपवते, मुले खोटे निरोप सांगतात, सून गप्प बसते. याला आपण क्षमा म्हणतो, सहनशीलता म्हणतो. मला ते पटत नाही. लूककृत शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाच्या दाखल्यात माळी एका वर्षाची मुदत मागतो, पण नुसते थांबण्यासाठी नव्हे. बुंध्याभोवती खणून खत घालण्यासाठी. आणि त्यानंतरही फळ आले नाही तर काय करावे हे तो लपवीत नाही. दोषाकडे न पाहणे ही दया नव्हे, तसे पाहण्याआधीच दोषी ठरवणे हा न्याय नव्हे.

उरतो तो भरपाईचा प्रश्न. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ आठव्या आज्ञेचे विवेचन करताना सांगतो की, दुसऱ्याच्या नावाला लावलेल्या काळिम्याची भरपाई करण्याचे कर्तव्य पापक्षमा मिळाल्यानंतरही उरते. पंपाचे बिल फेडता येते. नावाचे बिल कोठे भरायचे? त्या मालकांनी ड्रायव्हरच्या घरी जाऊन त्याला परत कामावर बोलावले, पगार वाढवून देऊ केला. ड्रायव्हर म्हणाला, "तात्या, पगार ऱ्हाऊ द्या. जिथं बोलला होता, तिथंच बोला." तो आता शेजारच्या गावी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर आहे. दोघेही रविवारच्या मिस्साला येतात आणि ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी एकाच रांगेत उभे राहतात. मालक चावडीवर अद्याप काही बोललेले नाहीत. टाकीचे झाकण त्यांनी त्याच दिवशी बदलले.