तज्ज्ञ आणि ओळख

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका भाचीस आठव्या महिन्याच्या आरंभींच कळा सुरू झाल्या. मूल दीड किलोहून कमी वजनाचें. जन्मतांच रडलें खरें, पण घटकाभरांत त्याचा श्वास जलद झाला आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येऊं लागला. प्रसूतिगृह लहान होतें, तेथील डॉक्टरीणबाईंनीं प्रामाणिकपणें सांगितलें, "हें येथें होणारें नव्हे. नवजात अर्भकांचा तज्ज्ञ गांठा." रात्रीचे दोन वाजले होते. एका मोठ्या रुग्णालयांत आमचा एक जुना विद्यार्थी अधिकारी आहे. त्यास आम्हीं फोन केला, आणि अर्ध्या तासांत तेथें एक पेटी मोकळी असल्याचें कळलें. मूल वांचलें, आज तें रांगतें आहे.

त्या रुग्णालयाच्या वऱ्हांड्यांत बाहेरगांवचा एक तरुण उभा होता. त्याचें मूल तालुक्याच्या एका दवाखान्यांत होतें, आणि संध्याकाळपासून त्याला 'जागा नाहीं' हें एकच उत्तर मिळत होतें. "साहेब, आंत तुमची ओळख हाय का?" त्यानें विचारलें. "पाहतों," असें म्हणून आम्ही आंत गेलों. पहाटे बाहेर आलों तेव्हां तो तेथें नव्हता. त्याच्या मुलाचें पुढें काय झालें याची आम्हीं चौकशी केली नाहीं. न करण्यांतच आमची सोय होती.

स्नेहीमंडळी म्हणतात, यांत मनाला लावून घेण्यासारखें काय आहे? आपल्या लेकरासाठीं धांवणें हा आप्तांचा धर्मच नव्हे काय? आहे. अशा रात्रीं जो रांगेचा न्याय विचारीत बसेल त्यास आम्ही न्यायी म्हणूं, पण त्याच्या घरीं मुलगी देणार नाहीं. तथापि आम्हीं त्या रात्रीं शोधलें तें काय, हें नीट पाहिलें पाहिजे. प्लेटोच्या 'खार्मिडीस' संवादांत सॉक्रेटिसानें असा पेंच घातला आहे कीं, जो स्वतः वैद्य नाहीं त्यानें खरा वैद्य आणि वैद्याचें सोंग घेणारा यांतील भेद ओळखावा कसा? आम्हांसही तो ओळखतां आला नसता. बालरोगशास्त्राच्या पदवीनंतर आणखी तीन वर्षें केवळ नवजातांचाच अभ्यास केलेले डॉक्टर असतात, एवढें ज्ञानसुद्धां आमचें त्या रात्रीनंतरचें. आम्हीं तज्ज्ञ शोधला नाहीं. ओळख शोधली, आणि ओळखीमागें सुदैवानें तज्ज्ञ निघाला.

वास्तविक शोधाची वेळ प्रसूतीपूर्वींची. रात्रीं एका परिचारिकेकडे किती मुलें असतात, श्वासाला साहाय्य करणारें यंत्र आहे कीं नाहीं, अपुऱ्या दिवसांचें भय दिसल्यास आईलाच प्रसूतीआधीं मोठ्या रुग्णालयांत हलवितात काय, हें विचारावयास पदवी लागत नाहीं. आईला बाळाजवळ राहूं देतात काय, हेंही विचारावें. तो केवळ सौजन्याचा भाग नव्हे. भारतासह पांच देशांतील रुग्णालयांत झालेला एक मोठा प्रयोग 2021 सालीं प्रसिद्ध झाला. एक किलो ते 1.8 किलोच्या आंतील मुलांना जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशीं धरून ठेवल्यानें पहिल्या 28 दिवसांतील मृत्यु चतुर्थांशानें कमी झाले.

ओळखीचें सामर्थ्य तरी किती? 7 ऑगस्ट 1963 रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांस साडेपांच आठवडे आधीं मुलगा झाला. ज्याच्या एका शब्दासरशीं विमानें उडत, त्याच्या मुलास बॉस्टनच्या उत्तमोत्तम डॉक्टरांच्या हातीं दिलें. तरी तो 39 तासांनीं गेला. फुप्फुसें मिटूं न देणारें द्रव्य त्याच्या ठायीं अपुरें होतें, आणि तें बाहेरून देण्याची विद्याच तेव्हां हातीं आली नव्हती. जपानांतील डॉ. फुजिवारा यांनीं आपले यशस्वी प्रयोग प्रसिद्ध केले ते 1980 सालीं. आमच्या भाचीच्या मुलास तेंच द्रव्य नळीवाटे दिलें. म्हणजे ज्यांनीं त्याला वांचविलें त्यांपैकीं बहुतेकांशीं आमची कांहींच ओळख नव्हती.

आणि गडचिरोली? डॉ. अभय व राणी बंग यांनीं तेथील 39 गांवांत त्याच गांवांतल्या, बेताच्याच शिकलेल्या स्त्रियांना तयार केलें. नवजाताचें वजन घेणें, त्यास उबेंत ठेवणें, जंतुदोष ओळखणें व वेळीं इंजेक्शनही देणें हें त्या घरोघर जाऊन करूं लागल्या. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षीं, इतर गांवांच्या तुलनेनें, तेथील नवजात मृत्यूंचें प्रमाण शेंकडा 62 नीं घटलें. 1999 सालीं 'लॅन्सेट'नें तें छापलें. येथें बापानें तज्ज्ञाच्या दारीं जाण्याऐवजीं तज्ज्ञाची विद्याच बापाच्या दारीं आली. आमच्या मुलास मात्र तेवढ्यानें भागलें नसतें, हेंही खरें; त्याला यंत्रच हवें होतें.

उद्यां पुन्हा तीच वेळ आली तर आम्ही फोन करूं काय? करूं. याविषयीं वाचकांस फसविण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु महिन्याभरानें आम्ही त्या विद्यार्थ्यास भेटलों आणि विचारलें, जागेअभावीं परत जाणारीं मुलें किती, आणि तीं पुढें कोठें जातात? तो म्हणाला, "सर, दाखल झालेल्यांची नोंद असते. परत गेलेल्यांची कोण ठेवणार?" अशी वही ठेवावी, आणि कोणत्या रुग्णालयांत पेटी मोकळी आहे हें दारावरच्या माणसास ठाऊक असावें, असा अर्ज आम्हीं त्याच्याच हातीं दिला आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.