खामा राजाची साक्ष

शद्रख, मेशख व अबेद्‌नगो यांनी बाबेलच्या राजाची चाकरी इमानाने केली, परंतु त्याच्या मूर्तीपुढे ते नमले नाहीत. हीच कसोटी आफ्रिकेतील खामा यास घरातच द्यावी लागली.

खामा हा त्स्वाना लोकांपैकी बामांग्वाटो जमातीचा राजपुत्र. १८६० साली त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे पिता सेखोमा याने त्यास कुळाचा दीक्षाविधी करण्यास व दुसरी बायको करण्यास सांगितले. खामाने दोन्ही गोष्टी नाकारल्या. १८६६ साली पितापुत्रांत लढाई जुंपली, आणि १८७५ साली पित्यास दूर सारूनच खामाने राज्य घेतले. हे आम्ही झाकून ठेवीत नाही. शास्त्रानेही दाविदाचे दोष झाकलेले नाहीत.

राजा झाल्यावर त्याने दारूस बंदी केली आणि ती मोडणाऱ्या गोऱ्या व्यापाऱ्यांसही हद्दपार केले. १८९५ साली ऱ्होड्सच्या कंपनीच्या हाती देश जाऊ लागला, तेव्हा सेबेले व बाथोएन या दोन राजांसह तो विलायतेस गेला आणि तेथील मंडळ्यांपुढे त्याने आपले गाऱ्हाणे मांडले. रेल्वेसाठी जमिनीचा पट्टा सोडावा लागला, परंतु देश कंपनीच्या हाती गेला नाही.

तरीही ज्याने पित्याचा शब्द मोडला, त्यास पुत्राचा विरोध सोसवेना. पुत्र सेखोमा पुष्कळ वर्षे दुरावला. समेट झाला तो उतारवयात. १९२३ साली खामा निवर्तला. १९६६ साली बोट्स्वाना देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्याच पुत्राचा पुत्र सेरेत्से पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. आजोबाने राखलेली भूमी नातवास लाभली.

यावरून आपण काय घ्यावे? जत्रेच्या दिवशी वा लग्नकार्यात भावकी आग्रह करिते, वडील रागावतात, पेला पुढे येतो. तेथे नाही म्हणावे, पण उर्मटपणे म्हणू नये. वडिलांचे शेत नांगरावे, दुखण्यात त्यांच्या उशाशी बसावे, म्हणजे आपला नकार प्रभूसाठी आहे, हे त्यांस कळेल. आणि उद्या आपलाच मुलगा आपणांस नाही म्हणेल, तेव्हा खामाचे दुःख आठवून त्यास घराबाहेर घालवू नये. ठाम राहण्याचे बळ व क्षमा करण्याचे मन, ही दोन्ही दाने प्रभू आपणांस देवो.