खाटेवर गेलेल्या फौजीला वीरगती नाही का?

१९६५ आणि १९७१ ची युद्धं लढून आलेली पिढी आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढे गेली आहे. यवतमाळ जिल्ह्यातले यातले कितीतरी जण पेन्शन घेऊन गावी परतले आणि पुन्हा वावरात उतरले. गाव त्यांना ‘फौजी बाबा’ म्हणूनच ओळखतं. असा एखादा बाबा गेला की घरच्यांच्या मनात ज्या शंका उभ्या राहतात, त्यांपैकी काहींचा या वेळी विचार केला आहे.

शंका : वडील १९७१ ची लढाई लढले. नंतर सारा जन्म पऱ्हाटी आणि तूर पिकवली. उन्हाळ्यात त्यांनी घरी खाटेवरच प्राण सोडला. मयतीला आलेले एक महाराज म्हणाले, ‘रणात पडतो त्यालाच वीरगती, हा साधा मृत्यू.’ आईला ते फार लागलं आहे. शास्त्र खरंच असं सांगतं का? आणि लढाईत त्यांच्या हातून माणसं मेली असतील, त्या पापाचं काय? (दारव्हा तालुका)

समाधान : महाराजांच्या बोलण्याला आधार आहे, पण तो अर्धाच. विदुरनीतीत सूर्यमंडळ भेदून जाणारे दोघे सांगितले आहेत : शत्रूला सामोरं जाऊन रणात पडलेला वीर आणि योगयुक्त संन्यासी. संन्यासी काही रणात मरत नाही, तरी त्याला वीराच्या शेजारी बसवलं आहे. म्हणजे मरणाची जागा निर्णायक नाही. नेमून दिलेलं काम शेवटपर्यंत कसं निभावलं, ते निर्णायक. गीतेचा अठरावा अध्याय शौर्य हे एकाचं स्वाभाविक कर्म मानतो आणि शेती दुसऱ्याचं, आणि ज्याला त्याला आपल्या कर्मातूनच सिद्धी मिळते असं सांगतो. या गृहस्थांनी एका आयुष्यात दोन्ही केली. त्यांच्या पत्नीने अशा बोलण्याने मन खट्टू करून घेऊ नये.

इतिहासही हेच दाखवतो. संगमनेर तालुक्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदीच्या काठी लढत होते. वय तेवीस. मशीनगनच्या माऱ्यात सोबतचे बहुतेक जण पडले. जाधवांनी आधी एका जखमी सोबत्याला पाठीवर घेतलं, खोल पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं, मग तशाच वाटेने दुसऱ्याला आणलं. त्यानंतर पुन्हा नदी ओलांडून ते एकटेच शत्रूवर चालून गेले. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले आणि मशीनगनची ठाणी बंद पाडली. शेवटी काठावर उघड्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि मागच्या तुकड्यांना हात करून बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे एकोणचाळीस वर्षं ते जगले आणि २ ऑगस्ट १९८४ रोजी पुण्यात वारले. १९४८ च्या एप्रिलमध्ये राजौरीच्या रस्त्यावरचे सुरुंग काढणारे कारवारकडचे राम राघोबा राणे हे हयातीत परमवीरचक्र मिळवणारे पहिले. तेही १९९४ मध्ये पुण्यातच वारले. या दोघांना वीर म्हणायला कोणी कचरत नाही.

आता पापाविषयी. ही टोचणी खुद्द युधिष्ठिरालाही होती. युद्ध जिंकल्यावर राज्य नको, वनात जातो, असं तो म्हणाला. त्याला समजावण्यात शांतिपर्वाची कितीतरी पानं खर्ची पडली आहेत. म्हणजे हा प्रश्न मनात येणं यात धर्माचा अपमान नाही, उलट धर्म तिथूनच सुरू होतो. भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही पक्षांनी नियम ठरवले, त्यांत निःशस्त्रावर आणि पाठ फिरवलेल्यावर वार करायचा नाही, हा होता. १९४९ चे जिनिव्हा करारही शरण आलेल्याला हेच संरक्षण देतात. ही मर्यादा पाळून, हुकमाप्रमाणे, देशासाठी लढलेल्या शिपायाच्या माथी हत्येचं पाप लागत नाही. म्हातारपणी तो रात्री दचकून उठत असेल, तर ते शापाचं लक्षण समजू नये. त्याचं माणूसपण शाबूत होतं, एवढंच त्यावरून कळतं.

शंका : बाबांच्या तिरडीवर तिरंगा टाकायचा होता, गावातल्या शिक्षकांनी अडवलं. त्यांचं बरोबर का? पदकं सोबत जाळावी की देव्हाऱ्यात ठेवावी? (वणी)

समाधान : शिक्षकांचं बरोबर. पार्थिवावर राष्ट्रध्वज पांघरण्याची मुभा फक्त शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी इतमामातल्या अंत्यसंस्कारात आहे. ध्वजसंहितेने खासगी अंत्यविधीत तो वापरायला स्पष्ट मनाई केली आहे आणि १९७१ च्या कायद्यात ध्वजाच्या अवमानाला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. इतमाम जाहीर झाला असेल तेव्हाही केशरी पट्टा डोक्याकडे ठेवतात आणि अग्नी देण्यापूर्वी ध्वज काढून घेतात. तो चितेवर जात नाही. इतमाम नसला म्हणून मान कमी होत नाही. तालुक्यातल्या चार माजी सैनिकांना निरोप धाडावा. त्यांनी ओळीने उभं राहून केलेला सॅल्यूट पुरे.

पदकं जाळू नयेत, विकू तर मुळीच नयेत. हरियाणातल्या पालडा गावचे उमराव सिंह हे दोन एकरांचे शेतकरी. १९४४ च्या डिसेंबरात ब्रह्मदेशात त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. त्या पदकाला मोठी रक्कम देऊ करणारे आले, तेव्हा त्यांनी नकार दिला. विकलं तर लढाईत पडलेल्या सोबत्यांची अप्रतिष्ठा होईल, हे त्यांचं कारण. २१ नोव्हेंबर २००५ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी ते वारले. पदक तोवर त्यांच्याजवळच होतं.

शंका : तेरवीला पाचशे पानं उठवली नाहीत तर लोक नावं ठेवतील. यंदा सोयाबीन हातचं गेलं. सावकाराकडून उचल घ्यावी का? (महागाव तालुका)

समाधान : घेऊ नये. या उत्तरात दुमत नाही. वऱ्हाडच्या मातीतल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर हेच कीर्तनातून सांगितलं. संसारात असताना मुलीच्या बारशाला जातगंगेने मटण-दारूचं जेवण मागितलं, तेव्हा त्यांनी गोडाधोडाचं शाकाहारी जेवण घातलं आणि लोकांचा रोष पत्करला. तेरवीचा शास्त्रार्थ पिंड, तर्पण आणि दान एवढ्यातच पुरा होतो. घरातल्या पाच माणसांना वरण-भात आणि एखाद्या गरजूला शिधा दिला तरी तो पुरा होतो.

महागाव तालुक्याने तर सुतकाची एक वेगळी रीत साऱ्या महाराष्ट्राला दिली आहे. चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यात पवनारजवळच्या दत्तपूर इथे पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवर दर १९ मार्चला हजारो लोक त्यांच्यासाठी दिवसभर अन्न सोडतात. पंगत न उठवता माणसाची आठवण कशी ठेवावी, हे त्यांनी दाखवलं. ज्या जिल्ह्याने कर्जाचे इतके बळी पाहिले, तिथे मेलेल्याच्या नावाने नवं कर्ज काढणं हे पुण्यकर्म कसं म्हणावं? लोक नावं ठेवतील ती महिनाभर. हप्ते त्याच्या पुढेही येत राहतात.

शंका : अस्थी गंगेत नको, आपल्या वावरात टाका, असं आजोबा सांगून गेले. काका म्हणतात, त्याने मुक्ती मिळत नाही.

समाधान : आजोबांची इच्छा पाळावी. पंडित नेहरूंनी १९५४ च्या मृत्युपत्रात मूठभर राख प्रयागला गंगेत आणि उरलेली विमानातून शेतकऱ्यांच्या शेतांवर विखरावी, असं लिहून ठेवलं होतं. काकांचं मन राखायचं असेल तर थोड्या अस्थी वर्धा किंवा पैनगंगेत सोडाव्या, बाकी धुऱ्यावर पुरून वर आंबा किंवा कडुनिंब लावावा. प्लास्टिकची पिशवी, हार, कपडे मात्र नदीत टाकू नयेत.

शंका : भाऊ नाही, मी अग्नी दिला. आता चुलते तेरवीच्या दिवशीच हक्कसोडपत्रावर सही मागतात. नाही म्हटलं तर अधर्म होईल का? (पुसद)

समाधान : लेकीने अग्नी दिला, यात काहीच वावगं नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव फुले गेले, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवं धरून अंत्ययात्रेपुढे चालल्या. सहीबद्दल सांगायचं तर, सुतकात कुणाकडून कागदावर सही घेणं हाच अधर्म आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित शेतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे आणि पतीच्या मालमत्तेत आईही वारस आहे. सही करू नये. मृत्यूचा दाखला घेऊन तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा, त्यात आईचं नाव आधी लिहावं.

शंका : वडील वारल्यावरही दोन महिने त्यांची पेन्शन खात्यात आली. एटीएम कार्ड घरात आहे. तेरवीला ते पैसे वापरले तर चालतील का? (घाटंजी तालुका)

समाधान : नाही. सैनिकाची पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच. पुढची रक्कम सरकारची असते आणि ती वसूल होते. दुसऱ्या दिवसापासून पत्नीचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होतं, पण ते मृत्यू कळवल्याशिवाय मिळत नाही. लपवून ठेवण्यात नुकसान आईचंच आहे. बँकेला लगेच कळवावं आणि यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर), डिस्चार्ज बुक आणि मृत्यूचा दाखला घेऊन जावं.

बहुतेक दावे अडकतात ते एका क्षुल्लक कारणाने : पलटणीच्या कागदावर बायकोचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं, जन्मतारीख तिसरीच. ज्यांच्या घरी फौजी बाबा आज हयात आहेत, त्यांनी पीपीओवरचं आईचं नाव आणि आधार याच आठवड्यात ताडून पाहावं. फरक असेल तर बाबांच्या सहीनिशी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवावा. बाबा बसून सही करू शकतात तोवर हे काम सोपं आहे.