आदल्या रात्रीचा स्वयंपाक

अंबरनाथच्या आनंदनगर किंवा मोरिवली एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या घरात घड्याळ शिफ्टच्या हिशेबाने चालतं. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. नवरा सेकंड शिफ्टला, बायको पॅकिंगमध्ये जनरलला, पदरात दोन-तीन वर्षांचं लेकरू आणि भाड्याची खोली. अशा घरात ‘आज काय करायचं?’ हा प्रश्न अंगात त्राण उरलेलं नसताना, नेमका संध्याकाळी उभा राहतो. मग कोपऱ्यावरचा वडापाव येतो, नाहीतर पाकिटातले नूडल्स. त्यासाठी कुणाला बोल लावू नये. दमलेला माणूस समोर जे तयार दिसेल तेच उचलतो.

म्हणून मला वाटतं, तरुण संसारातलं स्वस्त आणि सकस जेवण आदल्या रात्री ठरतं. निजण्याआधी कुणीतरी वाटीभर मटकी पाण्यात टाकली, की उद्याची निम्मी काळजी मिटली. सकाळी पाणी काढून फडक्यात बांधायची आणि कामावर निघायचं. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड डोकावतात, थंडीत एखादा दिवस जास्त लागतो. पावसाळ्यात मात्र फडकं ओलं राहून कुबट वास धरतं, तेव्हा चाळणीत झाकून ठेवलेली बरी. पाव किलो कोरडी मटकी मोड आल्यावर दुपटीहून जास्त भरते. कांदा परतून, हळद-तिखट घालून, झाकणावर पाणी ठेवून वाफ काढली की थोड्या वेळात उसळ तयार. लहानग्याच्या ताटात जायची असेल तर मऊ शिजवावी, कच्चे मोड त्याला देऊ नयेत.

यात स्वस्ताईपेक्षा मोठी गोष्ट आहे रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची 68.9 टक्के मुलं आणि 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया ॲनिमियाच्या यादीत निघाल्या. शंभरातली जवळजवळ सत्तर मुलं! हा आकडा वाचून गप्प बसवत नाही. कडधान्यात लोह असतं, पण ते अंगी लागायला मदत लागते. भिजवून मोड आणले की लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं. वरून लिंबू पिळलं की त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह अधिक शोषलं जातं. जेवणावर लगेच घेतलेला चहा याच्या उलट काम करतो. डबा संपला की टपरीवर जायची आपली सवय जुनी आहे. तो चहा तासाभराने घेतला तर काही बिघडत नाही. लिंबाची फोड मात्र डब्यात रोज असावी.

उसळीचा कंटाळा आला की वरणफळं आहेत. कुणी त्यांना चिकोल्या म्हणतं, पण भांडं एकच लागतं. तुरीची डाळ शिजवून तिची पातळ आमटी करायची, आमसूल आणि गूळ घालायचा. पोळीसारखी लाटलेली कणीक शंकरपाळ्यासारखी कापून उकळत्या आमटीत एकेक तुकडा सोडायचा. सगळे एकदम सोडले तर गोळा होतो. वर मूठभर मेथी चिरून टाकली की भाजीही त्यातच आली. डाळीत जे लायसिन भरपूर असतं ते गव्हात आणि तांदळात कमी पडतं, म्हणून वरणफळं किंवा वरणभात खाणाऱ्या मुलाला साध्या ताटातून बऱ्यापैकी प्रथिनं मिळतात. ही समज आपल्या स्वयंपाकात पूर्वापार आहे. कमलाबाई ओगले यांनी 1970 साली ‘रुचिरा’त मापं दिली तीही वाटी-चमच्याची, म्हणजे वजनकाटा नसलेल्या घराला चालतील अशी.

पालेभाजीला या पट्ट्यात तोटा नाही. पहिल्या पावसानंतर बदलापूर-अंबरनाथच्या बाजारात आदिवासी बाया टाकळा, कुर्डू, फोडशी, पुढे करटोली घेऊन बसतात. भाजी कशी निवडायची आणि कशी शिजवायची, तेही त्याच सांगतात. त्यांच्याशी भाव करताना हात आखडता घेऊ नये. शेवळं घेतलीत तर घशाला खाज सुटू नये म्हणून काय घालायचं, हे विचारल्याशिवाय उठू नका.

आणि सहा महिन्यांवरच्या बाळासाठी नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या तेवढ्याच दुधात साधारण एकशेवीस. नाचणी भिजवून, मोड आणून, सुकवून, हलकी भाजून दळली की पीठ बरेच दिवस टिकतं. सुट्टीच्या एका दुपारचं काम आहे. दूध त्याबरोबर द्यावंच, पण महागड्या डब्यातली पावडर आणली नाही म्हणून कुठल्याही आईने स्वतःला कमी लेखू नये.

आता एक विनंती, तीही घरातल्या पुरुषांना. धान्य निवडून पाण्यात टाकायला स्वयंपाक यावा लागत नाही. सेकंड शिफ्ट सुटून साडेअकराला घरी येता, हातपाय धुता, तेव्हाच मटकी, चवळी किंवा हरभरे, जे डब्यात असेल ते भिजत घाला. पहाटे उठून दोन डबे भरणारीच्या डोक्यावरचं एक ओझं त्याने खरोखर उतरतं. कडधान्य भिजवणं हे आजपासून तुमचं काम.