नाव कोणत्या वहीत?



आगमनकाळाचा हा शेवटचा आठवडा. देवळात गव्हाणी उभी राहिली आहे आणि देवळामागच्या माळावर बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या. दोहोंमध्ये अंतर फार थोडे आहे.

दिवस भरत आलेले असताना मरिया योसेफाबरोबर बेथलेहेमला गेली ती नावनोंदणीसाठी, असे संत लूक आपल्याला सांगतो. कैसराच्या वहीत तिच्यासाठी जागा होती. उतारशाळेत मात्र नव्हती.

गेल्या आठवड्यात आम्ही सिस्टरांसोबत कोप्यांवर गेलो. आठवा महिना लागलेली एक भगिनी डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रक भरत होती. तपासणी गावी एकदाच झालेली, कार्डही तिथेच राहिलेले. गावच्या आशाताईच्या वहीत तिचे नाव आहे, पण ती तिथे नाही. ती इथे आहे, पण इथल्या वहीत तिचे नाव नाही. दवाखान्यात चल म्हटल्यावर ती म्हणाली, “खाडा पडंल, फादर. तो कोण भरणार?” आम्ही गप्प राहिलो.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या कोयत्याने फेडायची. एक दिवस काम चुकले की खाडा, म्हणजे पैसे कापले जातात. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे तत्त्वज्ञ कान्ट सांगतो. आपण तर माणसाला हत्याराचेच नाव दिले! हत्याराला पाळी येत नाही, दिवस जात नाहीत. बाईचे तसे नाही. धड पाणी नाही, आडोसा नाही. दुखणे अंगावर काढायचे आणि शेवटी पिशवीच काढून टाकायची. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीला आढळले.

मुकादमाला, डॉक्टरांना दोष देऊन आपण मोकळे होऊ शकतो. पण ऊस आपल्या रानातला आहे आणि साखर आपल्या नाताळच्या करंज्यांत.

म्हणून तीन गोष्टी करू या. आपल्या शेतात टोळी आली की तीत गरोदर भगिनी आहे का, हे विचारून आशाताईला कळवू या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी तिला नेऊन आणावे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे आणि ने-आण यांना पैसे पडत नाहीत, हे तिला सांगावे. रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या तर १०८ वर फोन करावा, गाडीला कोपीपर्यंतची वाट दाखवावी. आणि तपासणीच्या दिवसाचा खाडा? तो आपण भरू या. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साचे दान आम्ही त्यासाठी बाजूला ठेवणार आहोत.

गव्हाणीतल्या बाळापुढे आपण गुडघे टेकू, तेव्हा माळावरच्या त्या आईचे नाव आपल्यापैकी एकाला तरी ठाऊक असावे. तेवढी जागा आपल्या वहीत नक्कीच आहे.

प्रभू तुम्हांस आशीर्वाद देवो.

आपला प्रमुख धर्मगुरू