आपापल्या गावी

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कैसर औगुस्ताची जी आज्ञा आहे, ती आपण नाताळात ऐकतो व लगेच गव्हाणीकडे वळतो. नावनिशी व्हावयाची म्हणून प्रत्येकाने आपापल्या गावी जावे, असे फर्मान निघाले; आणि योसेफ गरोदर मरीयेस घेऊन नासरेथाहून बेथलेहेमास गेला. त्याचे किती दिवस बुडाले, वाटखर्च कोठून आला, हे कैसराने विचारले नाही. या आज्ञेचा विचार आम्ही आज मतदानाच्या कायद्यासंबंधाने करीत आहो. कारण पूर्णेकाठच्या सिद्धेश्वराच्या मुलखात तिची छाया अद्यापि पडते.

हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील मजुरास आपला राज्यकर्ता निवडण्याचा हक्क कसला? १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तो प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास लाभला. जात, शिक्षण वा मालमत्ता आड आली नाही. तेव्हापासून कायद्याने दार रुंदच केले आहे. १९८९ पासून मताचे वय २१ वरून १८ वर आले. पूर्वी १ जानेवारीस वय भरले तरच नाव चढे. २०२१ च्या दुरुस्तीने वर्षातून अशा चार तारखा झाल्या. २०२४ च्या निवडणुकांत ८५ वर्षांवरील वृद्धांस व ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांस घरी बसून मत देता आले. जी म्हातारी उंबऱ्यापर्यंत सरकत येते, तिच्या दाराशी अधिकारी मतपत्रिका घेऊन आले, ही गोष्ट लहान नव्हे, आणि तिजबद्दल आम्ही देवाचे उपकार मानतो.

परंतु जो घरीच नाही त्याचे काय? दसरा-दिवाळीच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. लेकरे व बिऱ्हाड संगतीच जाते. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर झाले. काही काळ परगावी गेल्याने यादीतले नाव जात नाही, हे कायदा सांगतो, आणि ते न्यायाचेच आहे. मात्र मत द्यावयाचे तर जेथे नाव आहे तेथेच यावे लागते. सीमेवरच्या शिपायास टपालाने मत देता येते; फडातल्या कोयत्यास ती सोय नाही. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावी, न दिल्यास मालकास ५०० रुपयांपर्यंत दंड, असे कलम १९९६ पासून आहे. पण एका दिवसाच्या सुट्टीत कोल्हापुराकडच्या फडातून पूर्णेकाठी येऊन परत कसे जावे? शिवाय उचलीतून खाडा कापला गेला, तर तो मजूर ५०० रुपयांचे कलम कोणास दाखवील? निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदानयंत्राची योजना मांडली; अनेक पक्षांनी हरकती घेतल्या, आणि २०२४ च्या निवडणुकांत ते यंत्र आले नाही.

अशा वेळी उमेदवाराची जीप फडाच्या बांधावर येऊन उभी राहते. मतदारांस केंद्रावर नेण्याआणण्यासाठी उमेदवाराने वाहन पुरविणे हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाने भ्रष्ट आचरण आहे. थकलेल्या माणसास त्यात बसल्याबद्दल आम्ही धोंडा मारणार नाही. परंतु ज्याच्या गाडीतून आलो त्याचे मिंधेपण मतपेटीपर्यंत सोबत येते, हे त्यासही ठाऊक असते.

म्हणून उपदेशकांस आमची विनंती अशी की, टोळ्या निघण्यापूर्वी यादी मंडळीत वाचावी, अठरा भरलेल्यांचे नमुना ६ चे अर्ज भरून द्यावेत, आणि मतदानाच्या दिवसाचा खाडा धरला जाऊ नये हे उचल घेतानाच मुकादमाशी बोलून ठेवावे. टोळीने येण्याजाण्याचे भाडे आपल्याच गाठीचे, आठवड्याला थोडे थोडे बाजूस टाकावे. आणि शिपायास जी टपालाची सोय आहे ती ऊसतोड्यास का नसावी, हा प्रश्न अर्जात लिहून, खाली सर्वांच्या सह्या व अंगठे घेऊन, तो आपल्या आमदार-खासदारांकडे पुढच्या हंगामाआधी पाठवावा.