तडीस नेणं

"खाना बहुत है दीदी. चप्पल है क्या?"

२०२० च्या टाळेबंदीतली, एप्रिलअखेरची गोष्ट. आमच्या श्रमिकनगरातल्या चार-पाच घरांनी मिळून रोज दीडशेक पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी करायला घेतली होती. सातपूरच्या कंपन्या बंद, त्र्यंबक रोड ओस, आणि तिकडे मुंबई-आग्रा महामार्गावर माणसांची रांग लागलेली. कसारा घाट चढून घोटी, वाडीवऱ्हे, विल्होळी करत ती नाशकात शिरायची. आम्ही बाया अंबडच्या बाजूने जाऊन गरवारे पॉईंटजवळ उभ्या राहायचो. चप्पल मागणाऱ्या त्या पोराने पोळ्यांची पुडी माझ्याच हातात परत ठेवली. त्याच्या एका पायात स्लिपर होती, दुसऱ्या तळव्याला पाण्याची चेपलेली बाटली सुतळीने बांधलेली.

दुसऱ्या दिवसापासून पुड्या निम्म्या केल्या. घरोघरच्या जुन्या चपला गोळा केल्या, पंक्चरवाल्याच्या टपरीतून वायर ओढून मोबाइल चार्ज करायला बोर्ड लावला. भाजीपेक्षा त्या बोर्डाभोवती गर्दी जास्त. फोन सुरू झाला की आधी घरी बोलणं, मग आम्हाला विचारणं: सेंधवा अजून किती लांब? अडीचशे किलोमीटर हा आकडा सांगायला आमच्यातली कुणीच तयार नसायची.

पुढे काही वर्षांनी समुद्रातल्या बचावाविषयी वाचत होते, तेव्हा तो पोरगा पुन्हा डोळ्यांसमोर आला. हॅम्बुर्गला १९७९ साली समुद्री शोध आणि बचावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात 'बचाव' म्हणजे काय ते सांगितलंय. संकटातल्या माणसाला पाण्याबाहेर काढायचं, त्याला तातडीचं औषधपाणी आणि लागेल ते द्यायचं, आणि सुरक्षित ठिकाणी पोचवायचं. हे तिन्ही झालं तर बचाव झाला. आम्ही मधलं एक केलं होतं.

आपल्या भाषेला हे ठाऊक आहे असं मला वाटतं. तड म्हणजे काठ, म्हणून काम पुरं करण्याला आपण तडीस नेणं म्हणतो. तारणं आणि तारू एकाच मुळातून आलेत, आणि त्या मुळाचा अर्थ पार होणं. नुसतं बुडू न देणं एवढ्यावर आपला शब्द थांबत नाही.

इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ ३ ऑक्टोबर २०१३ च्या पहाटे स्थलांतरितांची बोट उलटली. ३६८ माणसं गेली, बहुतेक इरिट्रियाची. पहिल्यांदा तिथे पोचले ते कुणी अधिकारी नव्हते. एका छोट्या बोटीवर रात्र काढायला गेलेले आठ मित्र होते. बोट जेमतेम दहा माणसांची. तिच्यात त्यांनी ४७ जणांना ओढून घेतलं. पाण्यात पसरलेल्या डिझेलने अंगं इतकी बुळबुळीत झाली होती की धरलेला हात निसटायचा आणि पुन्हा धरावा लागायचा. मी हे वाचलं तेव्हा आधी माझ्या तळहातांकडे बघितलं.

त्यानंतर इटलीच्या नौदलाने मोहीम काढली, वर्षभरात दीडेक लाख माणसं काढली आणि २०१४ च्या ऑक्टोबरअखेर ती मोहीम बंद केली. रिकाम्या झालेल्या त्या पाण्यात साध्या नागरिकांची जहाजं उतरली. वर्गणीतून घेतलेली जुनी जहाजं, त्यांवर डॉक्टर, खलाशी, विद्यार्थी. सी-वॉच ३ हे त्यातलं एक. जून २०१९ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यापुढे त्याने ५३ जणांना उचललं. बंदरात यायची परवानगी मिळेना. दोन आठवड्यांहून अधिक काळ जहाज समुद्रातच. शेवटी कप्तान कारोला राकेटे यांनी परवानगीशिवाय जहाज लाम्पेदुसाच्या धक्क्याला लावलं आणि त्यांना अटक झाली. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या सुरुवातीला त्यांची सुटका योग्य ठरवली. न्यायालयाने म्हटलं ते असं, की माणसं जहाजावर घेतली म्हणजे कर्तव्य संपत नाही. सुरक्षित ठिकाणी उतरवणं हा त्याच कर्तव्याचा भाग आहे. हा निकाल प्रसिद्ध झाल्यावर साधारण महिन्याभराने आपल्याकडे टाळेबंदी लागली.

आपल्या किनाऱ्यावर हे कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. १७ जुलै १९४७ ला, ऐन पावसाळ्यात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या कोळ्यांच्या होड्या वाटेत होत्या. त्यांनी मासळी समुद्रात टाकून दिली आणि त्या जागी माणसं घेतली, असं अलिबागकडे आजही सांगतात. त्या दिवसाची सगळी कमाई पाण्यात गेली, आणि ती टाकण्याआधी जात-गाव विचारलं नाही.

इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या मच्छीमारांत तर समुद्राचा पिढीजात कायदाच आहे. पंग्लिमा लाओत नावाचा प्रमुख तो सांभाळतो. अडकलेल्याला मदत करणं त्यात बंधनकारक. जून २०२० मध्ये शंभरेक रोहिंग्यांची बोट त्यांना भरकटलेली दिसली. अधिकारी उतरवून घेईनात, तेव्हा गावकऱ्यांनीच होड्या घातल्या आणि बायकापोरांना काठावर आणलं. त्याच आचेमध्ये २०२३ च्या डिसेंबरात विद्यार्थ्यांच्या जमावाने रोहिंग्यांच्या आसऱ्याच्या जागेत घुसून त्यांना हुसकावलं. अफवा पसरवल्या गेल्या होत्या. तीन वर्षांत एवढा फरक पडतो.

आम्हा नाशिककरांना त्याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. २००८ च्या फेब्रुवारीत याच शहरातून उत्तर भारतीय कामगार मारहाणीच्या भीतीने गाड्या भरभरून निघून गेले होते. सातपूर-अंबडच्या कितीतरी मशीनवर तेव्हा माणूस नव्हता. बारा वर्षांनी तसेच लोक आता पायी आमच्यासमोरून चालले होते, आणि आम्ही पोळ्या घेऊन उभ्या होतो. या दोन्ही वेळा माझ्याच शहराच्या आहेत, आणि मला दोन्ही सांगाव्याशा वाटतात.

आम्ही पोळ्या वाटत होतो तेव्हा वस्तीतही एक आक्षेप निघाला होता. तुम्ही खायला घालता म्हणून ते याच रस्त्याने येतात. भूमध्य समुद्रातल्या जहाजांवरही हाच आरोप आहे, की वाचवणारे आहेत म्हणून लोक बोटीत बसतात. तो हसण्यावारी न्यायचा आरोप नाही. संशोधकांनी २०११ ते २०२० या दहा वर्षांतली ये-जा तपासली, आणि बचावामुळे निघणारे वाढले असं त्यांना दिसलं नाही. युद्ध, महागाई, हवामान यांमुळे ते वाढत होते. आमच्या रस्त्यावरचं कारण तर आणखी उघड होतं. भिवंडीतल्या खोलीचं भाडं थकलेलं, काम बंद, डब्यातलं पीठ संपलेलं. आमच्या बटाट्याच्या भाजीच्या वासाने कुणी घाट चढत नव्हतं.

सुरक्षित ठिकाणी पोचवणं नाशकातही झालं. महामार्गावर थोपवून निवारा केंद्रांत ठेवलेल्या लोकांना घेऊन १ मे २०२० च्या रात्री नाशिकरोडहून भोपाळला गाडी सुटली. राज्यातून सुटलेली ती पहिली श्रमिक गाडी, तीनशेहून अधिक प्रवासी. दुसऱ्या दिवशी लखनौची सुटली. सरकारने मनावर घेतल्यावर तिसरा भाग एका रात्रीत जमला. म्हणूनच आधीचा महिना मला अजून पचत नाही. आणि ८ मेच्या पहाटे, जालन्याहून रुळांच्या कडेने भुसावळकडे चाललेले सोळा कामगार करमाडजवळ झोपेतच मालगाडीखाली गेले. श्रमिक गाडी पकडायलाच ते निघाले होते.

आमच्या गल्लीत एक छोटा टेम्पोवाला राहतो. तेव्हा तो भाजीचे क्रेट वाहायचा, पास फक्त भाजीचा. बाटली बांधलेला तो पोरगा आणि त्याच्याबरोबरचे सहाजण त्याने बोर्डाजवळ पाहिले. त्यांच्यातली एक बाई पोटुशी होती. गाडी जप्त झाली तर हप्ते कुठून भरायचे, हे तो मला दोनदा म्हणाला. मी त्याला जा म्हटलं नाही, जाऊ नको असंही म्हटलं नाही. अजून ठरवता येत नाही मी काय म्हणायला हवं होतं. अंधार पडल्यावर त्याने रिकामे क्रेट कडेने रचले, मधे जागा केली, वरून ताडपत्री ओढली. माझ्या नवऱ्याच्या चपला त्या पोराला एक नंबर मोठ्या झाल्या होत्या, तो पंजात वर्तमानपत्र कोंबत बसला होता.

रात्रभर टेम्पोवाल्याचा फोन लागला नाही. सकाळी दहाच्या सुमारास त्याचाच आला. मागे ट्रकांचे आवाज होते.

"ताई, पोचवलं."